डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध सुरू करण्यापूर्वी: काय सांगायचे आणि काय विचारायचे

डॉक्टरांनी चिठ्ठी हातात दिली की बहुतेक जण खुर्चीतून उठतात. तपासणी झाली, निदान झाले, आता औषध आणायचे आणि घ्यायचे एवढेच उरले, असे वाटते. परंतु औषध सुरक्षितपणे लागू पडावे यासाठीचे महत्त्वाचे बोलणे त्याच क्षणी व्हायला हवे. औषधाची माहिती डॉक्टरांना असते. मात्र ते ज्या शरीरात जाणार आहे त्याचा पूर्वेतिहास, आधीपासून चालू असलेली औषधे आणि पूर्वी एखाद्या गोळीने झालेला त्रास यांची पूर्ण माहिती रुग्णाजवळ किंवा त्याची काळजी घेणाऱ्याजवळच असते. पुढे घातक ठरलेली गोष्ट पुष्कळदा कोणी मुद्दाम लपवलेली नसते. ‘हे काय सांगायचे’ असे वाटून ती राहून गेलेली असते.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी, टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून एक जागतिक मोहीम सुरू केली. औषध सुरू करताना, ते घेत असताना, त्यात दुसऱ्या औषधाची भर पडताना, औषधांचा फेरआढावा घेताना आणि औषध थांबवताना, अशा पाच प्रसंगी रुग्णाने प्रश्न विचारावेत, असे त्या मोहिमेत सांगितले आहे. हा लेख त्यांपैकी मुख्यतः पहिल्या प्रसंगाविषयी आहे आणि ज्यांना प्रथमच दीर्घकाळचे औषध सुरू होत आहे, किंवा घरातल्या कोणाच्या औषधांची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी लिहिला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. खाली ज्या औषधांची नावे आली आहेत, त्यांपैकी एखादे तुम्हाला चालू असेल, तर हे वाचून ते परस्पर बंद करू नका. शंका डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत ठरल्याप्रमाणे औषध घेत राहा. आताच काही गंभीर त्रास होत असेल, तर मात्र वाट न पाहता लगेच वैद्यकीय मदत घ्या.

पहिली पायरी: घरातून निघण्यापूर्वी यादी करा

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची लेखी यादी बरोबर असावी. ‘ती पांढरी गोळी’ किंवा ‘बीपीची छोटी गोळी’ एवढ्या वर्णनावरून कोणालाही औषध ओळखता येत नाही. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते आणि त्याखाली, पुष्कळदा वाचायला कठीण अशा बारीक अक्षरांत, आतल्या घटकाचे नाव आणि त्याचे मिलिग्रॅममधील प्रमाण असते. यादीत दोन्ही नावे लिहावीत, पण अधिक महत्त्वाचे ते बारीक अक्षरातले नाव, कारण एकच घटक वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात.

याचा अनुभव मी स्वतःच्या घरात घेतला आहे. माझ्या वडिलांच्या पायांवर संध्याकाळी सूज येऊ लागली, उठताना चक्कर येऊ लागली, आणि सुजेसाठी काही औषध मिळते का हे विचारायला आम्ही निघालो होतो. निघताना त्यांची औषधांची पिशवी मी टेबलावर रिकामी केली. एक पाकीट चंदेरी होते, दुसरे निळसर. नावे पूर्णपणे वेगळी. खिडकीपाशी उजेडात धरून दोन्हींवरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा दोन्हीकडे एकच शब्द होता: ॲम्लोडिपिन. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी काही महिन्यांच्या अंतराने रक्तदाबासाठी लिहिलेली ती एकाच घटकाची औषधे होती, आणि वडील दोन्ही नेमाने घेत होते. दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्या गोळीविषयी कोणी सांगितलेच नव्हते. ॲम्लोडिपिनने पायांवर सूज येऊ शकते आणि मात्रा वाढली की ती शक्यताही वाढते. ती पिशवी त्या दिवशी उघडली नसती, तर एका औषधाचा दुष्परिणाम झाकण्यासाठी आम्ही आणखी एक औषध मागून घेतले असते. औषधांची संख्या अशा रीतीने वाढत जाणे ही वैद्यकशास्त्राला चांगली माहीत असलेली गोष्ट आहे, म्हणूनच नवा त्रास सुरू झाला की ‘हा चालू औषधांमुळे तर नसेल ना’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.

यादीत केवळ चिठ्ठीवरची औषधे पुरत नाहीत. चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या गोळ्या, आम्लपित्तावरची पातळ औषधे, जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या, वनस्पतिजन्य औषधे, गर्भनिरोधक गोळ्या, इन्हेलर, इन्सुलिन, मलमे आणि डोळ्यांत घालायचे थेंब, हे सगळे लिहावे. डोळ्यांचे थेंब ‘औषध’ म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नाहीत. काचबिंदूसाठी वापरले जाणारे टिमोलॉलचे थेंब मात्र अश्रुमार्गातून नाकात आणि तिथून रक्तात उतरतात आणि दमा असलेल्या व्यक्तीच्या श्वासनलिका आवळू शकतात. थेंब एका डॉक्टरांनी दिलेले आणि दम्याची औषधे दुसऱ्यांनी, अशा वेळी या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आणणारे फक्त आपणच असतो.

काही औषधे एकमेकांबरोबर अजिबात चालत नाहीत. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट गटातले औषध घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जाऊ शकतो. आणि लैंगिक समस्येसाठी घेतलेली गोळी सांगायला संकोच वाटत असल्यामुळे ही जोडी अनेकदा उघडकीस येत नाही. हा संकोच डॉक्टरांच्या खोलीबाहेर ठेवावा, असे मी अगदी मनापासून सांगतो. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि नको असताना गर्भ राहू शकतो. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक कोलेस्टेरॉलवरील सिम्वास्टॅटिनबरोबर घेतल्यास सिम्वास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण वाढून स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. या जोड्या पाठ करण्याची गरज नाही. त्या ओळखणे हे डॉक्टरांचे आणि फार्मासिस्टचे काम आहे. त्यांच्यापुढे पूर्ण यादी ठेवणे हे आपले.

दारू आणि तंबाखू यांविषयीही खरे ते सांगावे. झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामके दारूबरोबर घेतली, तर श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. वयाच्या पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या देणे टाळले जाते, कारण रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. डॉक्टर हे प्रश्न तुमची वर्तणूक तपासण्यासाठी विचारत नसतात.

दुसरी पायरी: ॲलर्जी होती की दुष्परिणाम, हे नेमके सांगा

‘मला अमुक गोळीची ॲलर्जी आहे’ असे म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळा अर्थ असतो. गोळी घेतल्यावर मळमळले, जुलाब झाले किंवा डोके दुखले, तर तो बहुधा औषधाचा दुष्परिणाम असतो. अंगावर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणे, घशात आवळल्यासारखे होणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे, ही ॲलर्जीची लक्षणे आहेत. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मळमळीवर उपाय करून तेच औषध देता येते, तर खऱ्या ॲलर्जीत ते पुन्हा देणे जिवाशी खेळ ठरू शकते.

पेनिसिलिनचे उदाहरण घेऊ. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची ज्यांच्याकडे नोंद असते, त्यांची रीतसर तपासणी केली असता दहापैकी सुमारे नऊ जणांना ती नसल्याचे आढळते. काहींना ती कधी नव्हतीच आणि काहींची वर्षे उलटली तशी ओसरलेली असते. तरीही त्या नोंदीमुळे त्यांना आयुष्यभर दुसरी, पुष्कळदा अधिक तीव्र किंवा कमी योग्य प्रतिजैविके दिली जातात. उलट, ज्यांना खरी ॲलर्जी आहे त्यांना हे ठाऊक असायला हवे की अमॉक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिन हीदेखील पेनिसिलिनच्याच कुळातली औषधे आहेत, जरी त्यांच्या नावात तो शब्द ठळकपणे दिसत नसला तरी. म्हणून डॉक्टरांना केवळ ‘ॲलर्जी आहे’ असे न सांगता कोणते औषध होते, ते घेतल्यावर किती वेळाने काय झाले, त्यावर काय उपचार करावे लागले आणि ही किती वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, हे सांगावे. लहानपणी घडले असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्यावे.

एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर फोड आले असतील, तोंडाच्या किंवा डोळ्यांच्या आतल्या नाजूक त्वचेला जखमा झाल्या असतील, कातडी सोलल्यासारखी निघाली असेल, तर ती गोष्ट विशेष आवर्जून सांगावी. ही स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम या क्वचित पण प्राणघातक ठरू शकणाऱ्या विकाराची लक्षणे असू शकतात. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, ॲलोप्युरिनॉल आणि सल्फा गटातली औषधे यांमुळे तो होऊ शकतो, आणि ज्या औषधाने तो एकदा झाला ते पुन्हा कधीही घ्यायचे नसते.

तिसरी पायरी: शरीराची अवस्था सांगा

बहुतेक औषधे मूत्रपिंडांतून किंवा यकृतातून शरीराबाहेर जातात. हे अवयव मंदावले असतील, तर नेहमीची मात्राही शरीरात साचत जाते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन मूत्रपिंडांचे काम बरेच घटलेल्या रुग्णाला देत नाहीत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांना इजा करू शकतात, रक्तदाब वाढवतात आणि जठराला व्रण पाडू शकतात. लघवी वाढवणारी गोळी आणि रक्तदाबासाठीचे एनलाप्रिल किंवा रॅमिप्रिल यांच्या जोडीला ती आली, तर हा धोका आणखी वाढतो. म्हणून रक्ताच्या अलीकडच्या तपासण्यांचे अहवाल बरोबर ठेवावेत आणि ‘हे औषध माझ्या मूत्रपिंडांना आणि यकृताला चालेल का’ असे सरळ विचारावे. दमा, जठरव्रण, अपस्मार, काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, हृदयविकार, यांपैकी काही असेल, तर ज्या आजारासाठी गेलो आहोत त्याच्याशी त्याचा संबंध नाही असे वाटले तरी सांगावे. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी हिवतापावरील प्रायमाक्विनने फुटू शकतात, म्हणून हे औषध देण्यापूर्वी त्याची तपासणी करतात.

गर्भारपणाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आले आणि सुरक्षित म्हणून गरोदर स्त्रियांना सकाळच्या मळमळीवरही दिले गेले. १९६१ च्या अखेरीस तिथे ते मागे घेतले गेले; त्याच्यामुळे जगभरात १०,००० हून अधिक बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्माला आली, असा अंदाज आहे. अमेरिकेत मात्र अन्न व औषध प्रशासनातील डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी ‘सुरक्षिततेचा पुरावा पुरेसा नाही’ असे म्हणत परवानगी रोखून धरली. उत्पादक कंपनीचा तगादा चालू असतानाही त्या प्रश्न विचारत राहिल्या आणि त्यामुळे तिथली असंख्य बालके वाचली. आजही अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, मुरमांवरील आयसोट्रेटिनॉइन, वॉरफरिन आणि रक्तदाबावरील काही औषधे गर्भाला अपाय करतात. मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलेल्या तरुणीला मूल होण्याचा विषय तिथे अस्थानी वाटेल, पण आयसोट्रेटिनॉइनच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. गरोदर असाल, मूल होण्याचा विचार असेल, पाळी चुकली असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की अपस्मार किंवा उच्च रक्तदाबावरचे औषध घाबरून एकाएकी सोडणे आईला आणि बाळाला दोघांनाही धोक्याचे असते. अशा वेळी औषध बदलून मिळू शकते.

वयस्कर व्यक्तींना गुंगी आणणारी औषधे अधिक बाधतात. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुब्याचे हाड मोडणे, हा अशा औषधांचा प्रत्यक्षात दिसणारा परिणाम आहे. मुलांची मात्रा वजनावरून ठरते, म्हणून मुलाचे ताजे वजन सांगावे. आणि ताप आलेल्या मुलाला ॲस्पिरिन परस्पर देऊ नये, कारण विषाणूजन्य आजारात त्यामुळे मेंदूला आणि यकृताला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो.

चौथी पायरी: हे औषध कशासाठी, किती आणि कसे, हे विचारून घ्या

आपण सांगायचे ते सांगून झाले की विचारण्याची पाळी येते. पहिला प्रश्न साधा असावा: हे औषध नेमके कशासाठी आहे, किती दिवस घ्यायचे आहे आणि त्याचा उपयोग होत आहे हे मला कशावरून कळेल? रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळीने आपल्याला काहीच ‘जाणवत’ नाही, म्हणून अनेक जण ती निरुपयोगी समजून सोडतात. नैराश्यावरील औषधांचा गुण येऊ लागायला काही आठवडे जावे लागतात. हे आधी ठाऊक असले, तर दहाव्या दिवशी निराश होऊन गोळी बंद होत नाही.

त्यानंतर मात्रा आणि वेळ. या टप्प्यावर ज्या औषधाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, ते म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवात आणि सोरायसिस यांसाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. जवळजवळ सगळ्या गोळ्या रोज घ्यायच्या असतात, ही आपल्या मनात पक्की बसलेली सवय इथे घात करते. रुग्ण, कधी नातेवाईक, कधी चिठ्ठी उतरवून घेणारा कर्मचारी ‘आठवड्यातून’ हा शब्द गाळतो आणि गोळी रोज घेतली जाते. काही दिवसांत तोंड फोडांनी भरते, अस्थिमज्जेतल्या पेशी घटत जातात, साध्या जंतुसंसर्गालाही शरीर तोंड देऊ शकत नाही. या चुकीने जगभरात मृत्यू झाले आहेत. त्याच्या जोडीला दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या वारी किंवा वेगळ्या क्रमाने घ्यायची असते, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. हे औषध मिळणार असेल, तर डॉक्टरांकडून वार ठरवून घ्यावा, तो चिठ्ठीवर आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहून घ्यावा, आणि गोळ्यांचा डबा घरातल्या रोजच्या औषधांपासून वेगळा ठेवावा.

चिठ्ठीवरच्या ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस अशा संक्षेपांचा अर्थ अंदाजाने लावू नये. एसओएस म्हणजे गरज पडेल तेव्हाच. पण ‘गरज’ म्हणजे किती ताप किंवा किती वेदना, दोन मात्रांमध्ये किमान किती तासांचे अंतर हवे आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती गोळ्या चालतील, हे सांगितल्याशिवाय ती सूचना अपुरी आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, अशी मानली जाते. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल किंवा नेहमी दारू घेतली जात असेल, तर ती मर्यादा कमी होते. तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची गोळी वेगळी घेणाऱ्याच्या पोटात दोन्हींतून पॅरासिटामॉलच जात असते, हे त्या बारीक अक्षरांवरूनच कळते.

उपाशीपोटी की खाल्ल्यानंतर, या प्रश्नामागे ठोस कारणे आहेत. थायरॉइडसाठीचे लेव्होथायरॉक्सिन अनशापोटी, नाश्त्याच्या निदान अर्धा ते एक तास आधी पाण्याबरोबर घ्यावे लागते, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून ते चार तास लांब ठेवावे लागते, नाहीतर ते नीट शोषले जात नाही. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लोक्सासिन ही प्रतिजैविके दुधाबरोबर घेतल्यास त्यांचा परिणाम घटतो. हाडांसाठीचे ॲलेंड्रोनेट ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाज्या सोडण्याची गरज नसते, पण त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे लागते, कारण त्यांतले के जीवनसत्त्व औषधाच्या विरुद्ध काम करते. पूर्वी घेतलेल्या औषधाची पद्धत नव्या औषधाला लागू पडेलच असे नाही, म्हणून प्रत्येक वेळी नव्याने विचारावे.

गोळी गिळता येत नसेल, तर तेही डॉक्टरांना आत्ताच सांगावे. नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरे असलेल्या गोळ्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटून दिल्या, तर दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते.

एखादी मात्रा चुकली तर काय करायचे, हेही आधीच विचारून ठेवावे. पुष्कळ औषधांत आठवण होताच ती घ्यायची आणि पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यायची, असा प्रघात आहे. दोन मात्रा एकदम घ्यायच्या नसतात. गर्भनिरोधक गोळ्या, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणारी औषधे यांचे नियम मात्र वेगळे असतात.

पाचवी पायरी: कोणता त्रास सोसायचा आणि कोणता नाही

औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात दुष्परिणामांची लांबलचक यादी पाहून अनेक जण घाबरतात आणि काही जण ते पत्रक न वाचताच फेकून देतात. त्यातले शब्द ठरलेल्या प्रमाणांसाठी वापरलेले असतात. अनेक देशांतल्या पत्रकांत ‘अतिशय सर्रास’ म्हणजे दहापैकी एकापेक्षा अधिक लोकांना होणारा त्रास, ‘सर्रास’ म्हणजे १०० पैकी १ ते १० जणांना होणारा, आणि ‘दुर्मीळ’ म्हणजे १०,००० पैकी १ ते १० जणांना होणारा. हे कळले की यादीचे ओझे हलके होते.

डॉक्टरांना दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिला, कोणता त्रास अपेक्षित आहे आणि तो किती दिवसांत कमी होईल? रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि ते निरुपद्रवी आहे. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण रक्त समजून धास्तावतो आणि क्षयरोगाचे औषध सोडून देतो, जे फार मोठे नुकसान आहे. एनलाप्रिलच्या गटाने काहींना कोरडा खोकला लागतो. तो अंगावर काढण्याऐवजी सांगितला, तर औषध बदलून मिळते. दुसरा प्रश्न, कोणते लक्षण दिसताच थांबून लगेच मदत घ्यायची? चेहरा किंवा घसा सुजणे, श्वास लागणे, अंगभर पुरळ आणि तोंडात फोड, काळी शौचास होणे किंवा रक्त पडणे, डोळे पिवळे होणे, शुद्ध हरपणे, ही लक्षणे कोणत्याही औषधाबाबत गंभीर मानावीत आणि उद्यावर ढकलू नयेत.

गाडी चालवणे, यंत्रावर काम करणे, उन्हात राबणे, असे तुमच्या कामाचे स्वरूप असेल तर ते सांगावे. काही औषधांनी प्रतिक्रिया मंदावतात, आणि डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने त्वचा उन्हात लवकर भाजते.

औषध सुरू करतानाच ते थांबवायचे कसे, हेही विचारावे. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड सुमारे तीन आठवड्यांहून अधिक काळ घेतल्यावर एकदम बंद केले, तर शरीराची स्वतःची तशीच संप्रेरके पुरेशी तयार होत नसल्याने जीव धोक्यात येऊ शकतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी हृदयाचे ठोके कमी करणारी औषधे, अपस्मारावरील औषधे, झोपेच्या आणि चिंतेवरच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या, नैराश्यावरील औषधे, हीदेखील टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात. ‘बरे वाटले म्हणून सोडले’ ही सबब या औषधांत चालत नाही.

सहावी पायरी: औषध हातात घेताना तपासा

फार्मासिस्टकडून औषध घेताना नाव, प्रमाण आणि वापराची मुदत चिठ्ठीशी ताडून पाहावी. उच्चाराला किंवा दिसायला सारखी नावे असलेली औषधे बदलली जाणे ही ओळखीची चूक आहे. मागच्या खेपेपेक्षा गोळीचा रंग किंवा आकार वेगळा दिसला, तर ‘कंपनी बदलली असेल’ असे स्वतःच ठरवू नये; विचारावे. मग समजलेल्या सूचना आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवाव्यात: ‘ही सकाळी उपाशीपोटी एक, ही रात्री झोपताना अर्धी, बरोबर?’ गैरसमज त्या एका वाक्यात उघडा पडतो.

पाकीट कापून मिळाले, तर मुदतीची तारीख छापलेला भाग आपल्याकडे आला आहे का हे पाहावे आणि घरी गोळ्या त्याच्या विरुद्ध टोकाकडून काढाव्यात. मुलांच्या पातळ औषधासाठी घरातला चमचा वापरू नये, कारण चमचे लहानमोठे असतात. मिलिलिटरच्या खुणा असलेले माप किंवा तोंडाने औषध देण्याची सिरिंज मागून घ्यावी. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांत औषधाची तीव्रता कित्येक पटींनी वेगळी असू शकते, म्हणून ‘५ मिलिलिटर’ ही सूचना कोणत्या बाटलीसाठी आहे, ते बाटली समोर धरूनच पक्के करावे.

घरी आल्यावर खोक्यावर औषध सुरू केल्याची तारीख लिहावी आणि ते यादीत नोंदवावे. शक्य असेल तर त्याच आठवड्यात दुसरे कोणतेही नवे औषध किंवा पूरक गोळी स्वतःहून सुरू करू नये, म्हणजे काही त्रास झालाच तर तो कशाने झाला हे ओळखता येते. पुरळ, चक्कर, झोप, भूक यांत काही बदल जाणवला, तर तो कोणत्या दिवशी आणि गोळी घेतल्यावर किती वेळाने जाणवला, हे त्याच कागदावर टिपून ठेवावे. रक्ताची तपासणी पुन्हा कधी करायची याची तारीखही तिथेच लिहावी आणि पुढच्या भेटीला तो कागद व औषधांची पिशवी दोन्ही बरोबर न्यावीत.